लसमूषक

खारेपूर शहरात फिनाईल विकायला बंदी होती. ब्लीचिंग पावडर, उंदराचं औषध, चिकटफळी, सापळा, यातलं काहीच दुकानात मिळत नसे. बाहेरगावाहून कुणी लपवून आणलं आणि खाडीपुलाच्या नाक्यावर सापडलं, तर जप्त होई. मांजर पाळायला परवाना लागे आणि तो सहसा मिळत नसे. शहरातल्या प्रत्येक स्वयंपाकघरात ओट्याखाली, भिंतीला लागून, महापालिकेनं एक सिमेंटचा कोनाडा बांधून दिला होता. त्याला मूषककट्टा म्हणत. त्यात रोज सकाळी मूठभर धान्य टाकायचं आणि त्याच्यासमोरची फरशी कोरडी होऊ द्यायची नाही, एवढं प्रत्येक घराला बंधनकारक होतं.

वृषाली खानोलकरच्या खानावळीत असे दोन कट्टे होते. मासळीबाजाराच्या मागच्या गल्लीत तिची खानावळ होती, आणि तिच्या हातच्या तिसऱ्यांच्या, म्हणजे शिंपल्यांच्या, आमटीसाठी लोक लांबून येत. पण त्या सकाळी ती भाकरीचं पीठ घ्यायला वळली, तर परातीच्या कडेवर एक उंदीर बसला होता. चांगला पोसलेला, पाठीवरचे केस ओलसर, आणि लांब गुलाबी शेपूट पिठात पसरलेली. त्यानं तिच्याकडे पाहिलं. तो पळाला नाही. खारेपुरातले उंदीर पळत नसत. मिशा हलवत त्यानं पुढचे दोन पाय तोंडावरून फिरवले, मग सावकाश उतरून भिंतीच्या कडेनं निघून गेला. त्याच्या नेहमीच्या वाटेवर भिंतीला एक काळपट, तेलकट पट्टा पडला होता. शेकडो अंगं रोज घासून जाण्यानं पडलेला. तो पट्टा कितीही खरवडला तरी आठवड्यात पुन्हा उमटे.

वृषालीच्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीपूर्वी सुटतं तसं. तिनं सगळं पीठ उचलून बाहेर ओतलं. रोज काही ना काही असं ओतावं लागे. डाळीच्या डब्यात लेंड्या, सुकवत ठेवलेल्या आमसुलांवर कुरतडल्याच्या खुणा, आणि घरभर तो वास. बंद पडलेल्या मुतारीचा असतो तसा, नाकाच्या वरच्या भागात बसणारा. लोक म्हणत, सवय होते. तिला इतक्या वर्षांत झाली नव्हती.

तेवढ्यात फोन वाजला. केतकीचा होता. वृषालीची ही एकुलती एक मुलगी शहरात कट्टे बांधले जाण्याआधीच लग्न होऊन करंजसड्याला गेली होती. घाटाच्या अलीकडचं ते जांभ्या दगडाचं उंच पठार, वाऱ्याचं आणि स्वच्छ. तिला सातवा महिना होता.

"आई, एक बोलायचं होतं. बाळंतपणाला मी तिकडे नाही आले तर..."

"मी कुठे म्हटलं ये म्हणून?"

"तुला वाईट वाटेल असं वाटलं. पहिलं बाळंतपण माहेरी करतात."

"अगं, माझ्या स्वयंपाकघरात मलाच जेवण जात नाही. तिथे बाळंतिणीला काय घालू?"

"मग तूच ये. मला तू हवी आहेस."

वृषालीनं कट्ट्याकडे पाहिलं. दोन पिल्लं धान्यात लोळत होती. "आठ दिवसांत येते," ती म्हणाली.

हे उंदीर शहरात आले कसे, ते सांगायला थोडं मागं जावं लागेल.

खारेपूर खाडीच्या काठी, समुद्रसपाटीला टेकून वसलेलं. समुद्र चढत गेला तसं पावसाळ्यात गटारं उलटी वाहू लागली आणि वर्षातून दोन-तीनदा शहर गुडघाभर पाण्यात उभं राहू लागलं. अशाच एका पुरात वृषालीचा नवरा दिगंबर तांदळाची पोती वाचवायला दिवसभर पाण्यात फिरला. त्याच्या टाचेला भेग होती, एवढंच. आठवड्याभरात ताप आला, पोटऱ्या इतक्या दुखू लागल्या की चादर लागली तरी तो विव्हळे. डोळे लाल झाले, मग पिवळे. मग लघवी बंद झाली. वृषालीनं त्याला शेवटचं पाहिलं तेव्हा तो हळदीसारखा पिवळा झाला होता. त्या पावसाळ्यात शहरात अशी शेकडो माणसं गेली.

त्याच सुमारास डॉ. शमीम परकार तिच्या खानावळीत जेवायला येऊ लागल्या. त्या जंतुशास्त्रज्ञ होत्या, मूळच्या खाडीपलीकडच्याच. महापालिकेनं त्यांना या रोगासाठी बोलावून घेतलं होतं. गर्दी ओसरल्यावर वृषाली त्यांच्या समोर बसे.

"डॉक्टर, एक सांगा," तिनं एकदा विचारलं. "उंदरापासून हा रोग होतो म्हणतात. मग उंदीर का मरत नाहीत?"

"तीच मेख आहे," परकारबाई म्हणाल्या. "हा जंतू केसाहून कितीतरी बारीक असतो, स्प्रिंगसारखा पिळलेला, टोकाला आकडा. उंदराच्या मूत्रपिंडात तो घर करतो. उंदराला काहीही होत नाही. तो खातो, पितो, पिल्लं घालतो. आणि जन्मभर त्याच्या लघवीवाटे हे जंतू बाहेर पडत राहतात. ओल्या जमिनीत, साचलेल्या पाण्यात ते आठवडेच्या आठवडे तग धरतात. माणूस त्या पाण्यात उभा राहिला आणि पायाला जरा चीर असली की शिरले आत. उंदरानं चावायची गरजच नाही. शहरातली माणसं उंदराच्या मुतात उभी असतात, वृषालीताई, फक्त त्यांना ते पाणी वाटतं."

वृषालीनं हातातला पेला खाली ठेवला. "मग मारा ना सगळ्यांना."

"मारून पाहिलं. जितके माराल तितकी उरलेल्यांना जागा आणि अन्न मिळतं, पिल्लं वाढतात. पळापळीत एका गल्लीचे दुसऱ्या गल्लीत जातात आणि रोग आणखी पसरतो."

"लस टोचा."

"टोचली. या जंतूच्या जाती पुष्कळ, लस दोन-चार जातींवर चालते. तीही दरवर्षी टोचावी लागते आणि तान्ह्या मुलांना देता येत नाही. पहिल्या वर्षी रांगा लागल्या, तिसऱ्या वर्षी केंद्रं ओस पडली."

मग परकारबाईंनी आपली कल्पना सांगितली. त्यांनी प्रयोगशाळेत तोच जंतू घेऊन त्याची रोग घडवण्याची ताकद काढून टाकली होती. बाहेरून तो सगळ्या जातींसारखा दिसे, म्हणजे आपलं शरीर त्याला पाहून त्या सगळ्यांना ओळखायला शिके. पण आत शिरल्यावर तो काही करू शकत नसे. त्याला त्या पाळीव जंतू म्हणत. हा पाळीव जंतू ज्यांच्या मूत्रपिंडात वस्तीला आहे असे उंदीर त्यांनी वाढवले होते. हे लसमूषक शहरात सोडायचे, त्यांना खाऊपिऊ घालायचं, म्हणजे ते रोगट उंदरांना हुसकून त्यांची जागा घेतील. आणि त्यांच्या लघवीतून, ओल्या फरशीवरून, तळपायांच्या भेगांतून, घरातल्या प्रत्येकाला रोज थोडी थोडी लस मिळत राहील. जन्मापासून मरेपर्यंत, सुईशिवाय.

वृषालीनं त्यांच्यापुढचं ताट आपल्याकडे ओढलं. मग म्हणाली, "म्हणजे उंदराचं मूत आमच्या अंगात घालायचं."

"ते आत्ताही जातंच आहे, ताई. फक्त रोगाचं जातं. मी म्हणते, जायचंच तर औषधाचं जाऊ दे."

"शी," वृषाली म्हणाली आणि उठून गेली. त्यानंतर महिनाभर तिनं परकारबाईंना नीट वाढलंसुद्धा नाही. तिच्या गल्लीत कट्टे बांधायला माणसं आली तेव्हा ती दारात आडवी उभी राहिली होती.

पण पुढच्या पावसाळ्यात खारेपूर पुन्हा बुडालं आणि ज्या वस्त्यांत लसमूषक सोडले होते, तिथे एकही माणूस पिवळं पडलं नाही. खाडीच्या वरच्या अंगाच्या गावांत मात्र तेव्हाही तिरड्या उचलल्या जात होत्या. वृषालीनं ते पाहिलं. दिगंबरचा शेवटचा चेहरा तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. तिनं स्वतः महापालिकेत जाऊन कट्टे मागितले. कारागीर बांधत असताना ती मागच्या दारी जाऊन ओकली, तोंड धुतलं आणि परत येऊन त्यांना चहा दिला.

केतकीच्या त्या फोननंतर आठ दिवसांनी वृषाली करंजसड्याला पोचली, आणि तिथलं घर पाहून तिला रडूच आलं. पांढरी फरशी, कोरडी, लखलखीत. ओट्यावर दुधाचं पातेलं उघडं ठेवलं तरी चालत होतं. पहिल्या दिवशी तिनं तीनदा उगाचच हात धुतले, नुसता साबणाचा वास घ्यायला. पठारावर उंदीर नव्हतेच. कातळात बिळं पाडायची कशी? जावई अद्वैत मयेकर स्थापत्य अभियंता होता आणि घर त्यानंच बांधलं होतं.

पठारावर पाण्याची टंचाई, म्हणून पाण्याचा थेंबही वाया जाणार नाही अशी त्यानं सोय केली होती. न्हाणीघराचं पाणी आणि लघवीचं पाणी एका वाटेनं वाळूच्या आणि कोळशाच्या थरांतून गाळून परसातल्या हौदात येई, आणि तिथून पाटानं केळी-अळूला. लघवी म्हणजे उत्तम खत, असं तो उत्साहानं सासूला सांगत होता. अळूची पानं खरोखर सुपाएवढी झाली होती.

केतकीचे पाय सुजत. टाचांना भेगा पडल्या होत्या. संध्याकाळी ती परसात खुर्ची टाकून बसे आणि पाय अळूच्या गार, ओल्या पाटात सोडून देई. वृषाली तिच्या केसांना तेल लावे. दोघींना इतका निवांतपणा बऱ्याच वर्षांत मिळाला नव्हता. वृषालीनं कुळथाचं पिठलं केलं, नाचणीची आंबील केली, डाव्या हातानं मुलीची दृष्ट काढली.

तिसऱ्या आठवड्यात केतकीला ताप आला. गर्भारपणात येतो असा, असं डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या दिवशी वृषाली तिचे पाय चेपायला बसली आणि पोटरीला हात लावताच केतकी किंचाळली. वृषालीचा हात तिथेच थांबला. तिनं मुलीची हनुवटी धरून चेहरा खिडकीकडे वळवला. डोळ्यांचे पांढरे भाग लाल झाले होते.

"अद्वैत, गाडी काढा," ती म्हणाली. "आत्ता."

तालुक्याच्या रुग्णालयातला तरुण डॉक्टर आधी ऐकेना. "मावशी, या भागात तो रोग नाही. उंदीरच नाहीत इथे."

"माझा नवरा यातच गेलाय. तुम्ही तपासा, मग मला खोटं पाडा."

तपासणीत जंतू सापडला. पाळीव नव्हे. रानटी, अस्सल, दिगंबरला मारणाऱ्याच जातीचा.

पुढचे दिवस कसे गेले ते वृषालीला नीट आठवत नसे. केतकीची लघवी कमी झाली, तिला यंत्रावर ठेवलं. पोटातल्या बाळाचे ठोके मंदावले तेव्हा शस्त्रक्रिया करून मुलगी काढली. तळहाताएवढं डोकं, रडायलाही ताकद नाही. पण जगली. आठवड्याभरानं केतकीनंही डोळे उघडले.

इकडे अद्वैतनं घर उलटंपालटं केलं होतं. कपाटं ओढली, छताच्या फळ्या काढल्या, हौद रिकामा केला. एक लेंडी सापडली नाही. शेवटी त्यानं सासूची बॅग उघडून पाहिली. एखादं पिल्लू आलं असेल असं त्याला वाटलं. वृषालीनं ते पाहिलं आणि तिला राग आला नाही. तिनंही मनात तेच केलं होतं.

केतकीनं डोळे उघडल्यानंतर चौथ्या दिवशी परकारबाई आल्या. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. त्यांनी परसातली माती घेतली, हौदाचं पाणी घेतलं, आणि मग घरातल्या सगळ्यांच्या लघवीचे नमुने मागितले. वृषालीचाही.

दोन दिवसांनी त्यांनी वृषालीला रुग्णालयाच्या मागच्या व्हरांड्यात बोलावलं. त्यांच्या चेहऱ्याकडे बघूनच वृषाली बाकावर बसली.

"जंतू घरात कुठून आला ते कळलं," परकारबाई म्हणाल्या.

"कुठून?"

"तुमच्याकडून."

"माझ्या कपड्यांतून? बॅगेतून?"

"तुमच्या लघवीतून. न्हाणीघरातून हौदात, हौदातून अळवात. हा जंतू इतका सडपातळ आहे की वाळू-कोळशातून सहज पार होतो. आणि केतकीचे पाय त्या पाण्यात असायचे. ती कट्टे यायच्या आधीच शहर सोडून गेलेली, तिला लस नव्हती."

"पण मी आजारी नाही. मला लस आहे. तुमचीच."

"लस आहे म्हणूनच." परकारबाई नेहमीच्या सावकाश, समजावणाऱ्या आवाजात बोलू लागल्या. "पाळीव जंतू तुमच्या शरीरात पहारा बसवतो. तो पहारा रक्तात असतो. पण रानटी जंतू खारेपुरातून संपूर्ण गेला नव्हता. गटारातल्या घुशींत होता, पुराच्या पाण्यात होता. तो तुमच्या अंगात शिरत राहिला. रक्तातल्या पहाऱ्यानं त्याला हाकललं, म्हणून तुम्हाला ताप आला नाही. पण मूत्रपिंडाच्या बारीक नळ्यांत हा पहारा पोचत नाही. रानटी जंतू पळून तिथे जाऊन बसला. तिथे तो वाढतो. तुम्हाला त्रास देत नाही. फक्त लघवीवाटे रोज बाहेर पडतो."

वृषालीनं हे ऐकून घेतलं. व्हरांड्याबाहेर कुणीतरी कपडे वाळत घालत होतं. ती हळूच म्हणाली, "म्हणजे उंदरासारखं."

"हो," त्या म्हणाल्या. "अगदी उंदरासारखं."

"मी एकटीच?"

"खारेपुरातल्या माझ्या सहकाऱ्यांचे नमुने तपासले. जवळजवळ सगळ्यांमध्ये आहे. सगळ्यात आधी मी माझा तपासला, ताई. माझ्यातही आहे."

"मग इतकी वर्षं कळलं कसं नाही?"

"निरोगी माणसाची लघवी कोण तपासतं? आम्ही आजारी माणसं मोजत होतो. ती नव्हतीच."

"औषध असेल ना काही."

"रक्तातल्या जंतूवर आहे. नळ्यांत तो शेवाळासारखा थर धरून बसतो. त्या थराखाली औषध शिरत नाही. आज तरी नाही."

वृषाली उठली आणि रुग्णालयाच्या संडासात गेली. तिनं दाराला आतून कडी घातली, पण तिला बसवेना. स्वतःच्या अंगाला हात लावायचीही तिला शिसारी आली. पोटाच्या आत, कंबरेच्या दोन बाजूंना, ओल्या अंधारात ते पिळदार आकडे वळवळत आहेत असं तिला दिसू लागलं. इतकी वर्षं ती भांडी उकळत होती, हात घासत होती, परातीतलं पीठ फेकत होती. आणि घाण तिच्या आत, तिच्याच उबेवर पोसली जात होती. शेवटी निकड अनावर झाल्यावर ती बसली आणि नंतर बादलीमागून बादली पाणी ओतत राहिली. चौथ्या बादलीला तिच्या लक्षात आलं की हे पाणीही कुठेतरी जाणारच आहे. मग ती तशीच उभी राहिली, रिकामी बादली हातात घेऊन.

बाहेर आली तेव्हा परकारबाई तिथेच बसल्या होत्या. त्या नेहमीपेक्षा म्हाताऱ्या दिसत होत्या.

"हे जाहीर केलं तर काय होईल ते मला दिसतंय," त्या म्हणाल्या. "लोक चिडून लसमूषक मारतील. मग खारेपुरात यापुढे जन्माला येणाऱ्या मुलांना काहीच संरक्षण नाही, आणि त्यांच्याभोवती आपण सगळे. आणि बाहेरचे आपल्याला दारात उभे करणार नाहीत. सहा लाख माणसं आहेत, वृषालीताई."

"आणि नाही केलं तर?"

"तर ही माणसं लग्नाला जातील, कामाला जातील, मुलीच्या बाळंतपणाला जातील."

वृषालीनं काचेपलीकडे पाहिलं. पेटीत तिची नात झोपली होती, नाकाला नळी लावलेली. तिनं अजून तिला हातात घेतलं नव्हतं.

"जाहीर करा," ती म्हणाली. "केतकीचं उदाहरण द्या. मी सांगते तिला."

त्या संध्याकाळी अद्वैत तिला एस.टी.पर्यंत सोडायला आला. तिची बॅग त्यानं थांब्यावर खाली ठेवली. शेवटी म्हणाला, "आई, राग मानू नका. थोडे दिवस तुम्ही तिकडेच..."

"मी तेच म्हणणार होते," वृषाली म्हणाली. त्यानं नमस्कार करायला वाकायचं म्हणून हात पुढे केले आणि मध्येच थांबवले. तिनंच पाय मागे घेतले.

बातमी फुटल्यावर जे व्हायचं ते झालं. खाडीपुलाच्या पलीकडे खारेपूरकरांसाठी वेगळी शौचालयं उभी राहिली, पत्र्याची, लाल पट्ट्याची. पोहण्याच्या तलावांवर, देवळांच्या कुंडांवर पाट्या लागल्या. कॉलेजांच्या वसतिगृहांतून मुलं परत आली. एकदा खानावळीचं सामान आणायला बाहेरगावी जाताना वाटेतल्या फाट्यावर वृषाली चहाला थांबली, तर हॉटेलवाल्यानं चहा कागदी पेल्यात दिला आणि नजर चुकवून म्हणाला, "बाई, मोरीकडे जाऊ नका हं, मेहेरबानी करा." ती जाणारच नव्हती. तिनं दिवसभर पाणी प्यायलं नव्हतं. त्याचं काही चुकतंय असंही तिला वाटलं नाही. तिच्या खानावळीत असा कुणी आला असता, तर तिनं याहून वाईट वागवलं असतं.

शहरात काही लोकांनी खरंच लसमूषक मारायला सुरुवात केली होती. गल्लीत चेचलेली अंगं पडत, त्यांवर माशा घोंगावत. पण ते फार दिवस चाललं नाही. ज्यांच्या घरात तान्ही मुलं होती, ते कट्ट्यांपुढे काठ्या घेऊन बसले. मूल वाचवायचं तर उंदीर वाचवायला हवा, हे त्यांना समजलं होतं.

नात चार महिन्यांची झाली तेव्हा केतकीचा फोन आला. ती आता बरी होती. रोज फोनवर बाळाचं हसणं दाखवी. आज तिनं बाळ दाखवलं नाही.

"आई, परकारबाईंनी माझी पुन्हा तपासणी केली. आजारातून उठले, पण जंतू गेला नाही. माझ्यातही बसलाय. अद्वैतमध्येही आता सापडला, तेव्हाच्या नमुन्यात नव्हता. त्याला ताप आलाच नव्हता, तरी. कदाचित नंतर कधीतरी बाहेर..."

"बाळ?" वृषालीनं विचारलं.

"बाळ स्वच्छ आहे. तिच्या एकटीतच नाही. मी तिला आंघोळ घालताना दोन-दोन हातमोजे घालते, आई. दुपटी उकळते. तिला उराशी धरून झोपत नाही. असं किती दिवस करू? ती रांगायला लागेल, मग चालायला. बाहेर जाईल, तिथेही कुणाकुणात असेल."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"माझ्या दुधातून तिला अजून थोडं संरक्षण मिळतंय. ते आहे तोवर पाळीव जंतू अंगात गेला तर धोका सगळ्यात कमी. नंतर इतकं सोपं नाही. इथे सड्यावरच्या अकरा घरांनी अर्ज दिलेत. खालच्या गावांनीही. सगळ्यांनाच लसमूषक हवेत. पण महापालिकेची यादी लांबलचक आहे. तुझ्याकडचे चालतील म्हणाल्या बाई. निरोगी आहेत, तपासलेले आहेत."

"केतकी, मग तीही आपल्यासारखीच होईल. आज ना उद्या तिच्यातही बसेल."

"माहीत आहे मला. पण मरणार तर नाही."

वृषालीनं कट्ट्यासमोर बसून सहा उंदीर पकडले. पकडले म्हणजे काय, हात पुढे केला आणि ते चढले. त्यांची गार, बारीक नखं मनगटाला लागत होती आणि शेपट्या कोपरापर्यंत लोंबत होत्या. तिनं दात आवळून एकेकाला जाळीच्या पिंजऱ्यात ठेवलं. खारेपूरच्या माणसाला आणि उंदरांना एस.टी.त कुणी घेतलं नसतं, म्हणून अद्वैत पुलापर्यंत गाडी घेऊन आला. घाटवाटेवर पूर्ण वेळ पिंजरा तिच्या मांडीवर होता. एका वळणावर तिची साडी ओली झाली. ऊब कापडातून मांडीपर्यंत आली. ती खिडकीबाहेर बघत राहिली.

स्वयंपाकघरात ओट्याखाली नवा सिमेंटचा कोनाडा तयार होता. पांढऱ्या फरशीवर केतकीनं थोडं पाणी शिंपडून ठेवलं होतं आणि त्या ओलाव्याच्या कडेला, सतरंजीवर, बाळ पालथं पडलं होतं. नव्यानंच पालथं पडायला शिकलं होतं. मान उचलून ते आजीकडे बघून हसलं. आजीनं त्याला पहिल्यांदा इतक्या जवळून पाहिलं.

"सोड, आई," केतकी म्हणाली.

वृषालीनं पिंजऱ्याचं दार उघडलं. बराच वेळ एकही बाहेर येईना. मग सगळ्यात मोठा आला. त्यानं नाक वर करून अनोळखी घराचा वास घेतला, भिंतीच्या कडेनं थोडं धावला, मधेच थांबला आणि शेपूट किंचित उचलली. पांढऱ्या फरशीवर एक लहानसं पिवळसर थारोळं झालं. ते शिंपडलेल्या पाण्यात मिसळलं आणि फरशीच्या उतारानं सतरंजीकडे ओघळू लागलं. बाळानं चमकतं पाणी पाहून हात पुढे केला.

अद्वैत खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. केतकीनं ओढणी तोंडावर दाबून धरली. वृषाली पिंजऱ्याच्या दारावर हात ठेवून बसून राहिली.

तिघांपैकी कुणीही फडकं आणायला हललं नाही.